दुसरा पास

सांगून टाकते एकदाचं. मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटत होता. असातसा नव्हे, जेवण गोड लागू नये असा. आणि हेवा तरी कुणाचा? सूर्यमाळच्या एका पाड्यावर राहणाऱ्या, सही करताना अजूनही जीभ बाहेर काढणाऱ्या बाईचा! मी जव्हारच्या शाळेत इतिहास शिकवते. डेपोपासून घरापर्यंत येताना चार जण तरी "नमस्ते बाई" म्हणून थांबतात. पण तिची मुलगी हवाई दलात अधिकारी व्हायला निघाली, आणि मी आपली बाईची बाईच राहिले.

बरं, ती मुलगी वाढवली कुणी? मी. आम्ही दोघी बहिणी साखरशेतच्या. भाताची लावणी, नागलीची राखण, लाकूडफाटा, सगळं दोघींनी मिळून केलं. मग मला वसतिगृहात जागा मिळाली आणि तिला नवरा. माझं लग्न राहूनच गेलं. का, ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही. तिची पोर पाचवीत माझ्याकडे आली, कारण पाड्यापासून शाळा लांब, आणि उन्हाळ्यात हंडे वाहण्यातच पोरीचा अर्धा दिवस जायचा. ती सातवीत असताना तिचा बाप तापानं गेला. तेव्हापासून तिच्या वह्या, तिची दातदुखी, तिची परीक्षा, तिचं रुसणं, सगळं माझ्या पदरात. सुट्टीत ती आईकडे जायची आणि परत आली की सूर्यमाळचं बोलायला लागायची. मी दोन दिवस दुरुस्त करत बसायचे. "पानी नाही, पाणी." ती म्हणायची, "मावशी, पानी प्यालं तरी तहान जाते गं."

अकादमीचं वेड तिला लावलं तेही मीच. माझ्याकडे एक वही आहे. कॉलेजात असताना वर्तमानपत्रात एक बातमी आली होती, की हवाई दल आता मुलींनाही अधिकारी म्हणून घेणार. ते कात्रण मी त्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं आणि मग मिळेल तिथून माहिती उतरवत गेले. इतिहासाची विद्यार्थिनी ना मी! कुणी राजांच्या वंशावळ्या पाठ करतं, मी अकादमीचा इतिहास पाठ केला. आधी अशी एक जागा नव्हतीच. वैमानिक कुठे अंबाल्याला शिकत, कुठे जोधपूरला, जमिनीवर काम करणारे अधिकारी आणखी तिसरीकडे. एकाच दलातली पोरं, पण एकमेकांची तोंडं बघायची ती नोकरीला लागल्यावर. मग सगळ्यांना एका ठिकाणी आणायचं ठरलं. हैदराबादच्या बाहेर मोकळी जमीन बघितली, राष्ट्रपतींच्या हातून पाया घातला, धावपट्टी झाली, राहायची घरं झाली, आणि एकेक करून सगळं शिक्षण तिकडे हललं. मुलींना मात्र दार उघडायला आणखी पुष्कळ वर्षं गेली. आधी जमिनीवरची कामं, मग मालवाहू विमानं, हेलिकॉप्टरं, आणि लढाऊ विमानापर्यंत पोचायला पुन्हा वीसेक वर्षं.

शाळेत शिकवताना मी कुठूनही सुरुवात केली तरी तिथेच जाऊन पोचायचे. मुलं एकमेकांना खुणा करायची, "बाई उडाल्या रे!" माझी भाची पहिल्या बाकावर बसून तोंड उघडं टाकून ऐकायची. घरी आल्यावर पुन्हा विचारायची, "मावशी, मग तू का नाही गेलीस?"

मी गेले होते. तिथे खरं काय झालं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या काही जाहिरातींपैकीच एक वाचून मी अर्ज केला, आणि निवडीसाठी म्हैसूरला बोलावणं आलं. वडील सोबत आले होते, दाराबाहेर झाडाखाली बसून राहिले. सकाळी कसल्याशा चाचण्या झाल्या, एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावली, मग आम्हा मुलींना गोल बसवून बोलायला सांगितलं. मला इंग्रजीतून बोलता येईना. जेवणाच्या आधी एकानं नंबर वाचले. ज्यांचे वाचले त्या थांबल्या. उरलेल्यांना तो म्हणाला, "स्क्रीन्ड आउट." दुपारच्या गाडीनं आम्ही परत. गावात मी सांगितलं, डोळ्यांना नंबर निघाला म्हणून घेतलं नाही. आणि ते खरं वाटावं म्हणून दोन वर्षं बिननंबरचा चष्मा लावून हिंडले! साखरशेतमध्ये कुणी हसलं नाही, उलट डोळ्यांत घालायला कसलातरी पाला आणून दिला.

असो. भाचीनं अर्ज केला तेव्हा मी देवापाशी काय मागितलं, सांगू? म्हटलं, देवा, हिला पास कर. आणि त्याच दमात मनात आलं, पण पहिल्याच फटक्यात नको. ती झाली पहिल्याच फटक्यात. धावण्यात, चढण्यात तर तिच्यापुढे कुणी टिकलंच नाही म्हणे. टिकतील कसे? सूर्यमाळची चढण डोक्यावर दोन हंडे घेऊन चढलेली पोर ती. तिला इंग्रजीही आलं, कारण ते मी तिला शिकवलं होतं, स्वतः घरी शिकून शिकून. निकाल कळला तेव्हा मी आनंदानं रडले, असं सगळ्यांना वाटलं.

तिला काम कुठलं मिळणार होतं, तर धावपट्टीजवळच्या उंच मनोऱ्यात बसून विमानांना वाट सांगायचं. पाड्यावर कुणाला ते उमगेना. एक म्हातारा मला म्हणाला, "म्हंजे इमान ही चालवनार?"

"नाही बाबा, ती विमानाला सांगणार, आता उतर, आता थांब."

"आनि त्यानं नाय ऐकलं तर?"

सगळे हसले, मीही हसले. आणि मनात म्हटलं, बरं झालं, निदान उडणार तरी नाही. इतकी मी हलकी. आता झाकून काय उपयोग?

ती गेल्यावर पाड्यावरच्या बायका बहिणीला म्हणायला लागल्या, "तुज्या पोटाला सोनं आलं गं." मलाही कुणी कुणी म्हणालं, "बाई, तुमचे पण कष्ट आहेत हो." तुमचे *पण*. भाजीत मीठ पण लागतं, तसं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि बहीण मात्र बोळक्यातून मध नाहीतर पदरात करटुली घेऊन यायची, माझ्या ओट्यावर ठेवून म्हणायची, "ताय, तुजीच पोर ती." तिला ते खरंच वाटायचं. म्हणून तर जास्त राग यायचा.

प्रशिक्षणाचं वर्ष सरत आलं आणि नोव्हेंबरात माझ्या पत्त्यावर पाकीट आलं. अकादमीचं शिक्षण पुरं झालं की एक मोठी परेड होते. तिला पासिंग आउट परेड म्हणतात, म्हणजे त्या दिवशी पोरं अधिकारी होऊन तिथून बाहेर पडतात. परेड झाली की त्यांच्या खांद्यांवर अधिकाऱ्याच्या पट्ट्या चढवायच्या, आणि तो मान घरच्यांचा. एका खांद्याला एक माणूस. माझ्या वहीत हे सगळं होतं. एका पानावर तर मी परेडचा क्रमसुद्धा लिहून ठेवलाय, आधी काय, मग काय. पाकिटात दोन पास होते आणि भाचीच्या हातची चिठ्ठी: "मावशी, दोघांनाच येता येतं. एक आई. दुसरं कोण ते आईनं ठरवावं."

आईनं ठरवावं! मी ती ओळ चार वेळा वाचली. माझं नाव लिहायला शाई कमी पडली होती का? मग म्हटलं, ठरवायचं काय त्यात, बहीण काय मला सोडून जाईल?

बाजाराच्या दिवशी ती आली. मी तिला सांगितलं, की असा असा कार्यक्रम आहे, दोन जणांना बोलावलंय. चहा पिता पिता ती म्हणाली, "मंग भावजीला घेऊन जाते."

भावजी म्हणजे तिचा दीर. भिवंडीला टेम्पो चालवतो. भाचीला त्यानं कधी एक वही आणून दिलेली मला आठवत नाही.

"त्याला कशाला?"

"त्याला हिंदी येतं. लांबच्या गाड्या म्हाईत हायत. आनि तुला शालेतून सुटी कशी मिलंल? तुजं गॅदरिंग असतं ना आता?"

मी म्हणायला हवं होतं, की खड्ड्यात गेलं गॅदरिंग, मला यायचंय. तीस वर्षं मला यायचंय. पण मागून घ्यायचं? मी? ताठा आडवा आला. म्हटलं, "ने की. चांगला माणूस आहे." आणि कप उचलून मोरीत आदळले.

ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागे वळली. "ताय, येक इचारू? त्या दिशी पोरीचा फोन आलता. वलनावर उभी राहून बोलले." त्यांच्या पाड्यावर फोन लागतो तो फक्त रस्त्याच्या एका वळणावर, तोही त्याच्या मर्जीनं. "ती म्हनली, आई, मी डिसेंबरात आऊट होनार. मंग आवाज गेला. आऊट म्हंजे काय गं?"

आमच्याकडे आऊट हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. भात कापून झालं की खाचरात क्रिकेट सुरू होतं, तिथे आऊट. आणि दुसरा आऊट आश्रमशाळेतला. पोरानं काही केलं की त्याला आऊट करतात, आणि पालकांना बोलावणं धाडतात, की या, सही करा आणि आपलं पोर घेऊन जा.

मी भाजी निवडत होते. वर बघितलं नाही. म्हटलं, "आऊट म्हणजे बाहेर."

"भाईर?"

"हो. त्या दिवशी तिथून बाहेर."

"म्हंजे ठेवत नाय तिला थितं?"

"अकादमीत ना? नाही ठेवत."

एकेक शब्द खरा होता हो! फळ्यावर लिहून दाखवला असता तरी कुणी चूक काढली नसती. बहीण दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हनून दोघांना बोलावलंय. सही कराया." मी भाजी निवडत राहिले. एक शब्द बोलले असते तर ती हसत गेली असती. ती पिशवी घेऊन उतरली, आणि बाजारातून घ्यायचं मीठ न घेताच पाड्यावर गेली. हे मला मागाहून मीठवाल्यानं सांगितलं, "बाई, तुमची बहीण पैसे देऊन मीठ इथंच विसरली."

म्हणाल, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं. सूर्यमाळ काही परदेश नाही. मी रोज ठरवायचे. रोज सकाळी मनात यायचं, नेऊ दे त्या टेम्पोवाल्याला, बघू दे त्याला! आणि मग मी शाळेत जायचे. रविवारी भाचीचा फोन आला. मिनिटभरच बोलायला मिळतं त्यांना.

"मावशी, आई येणार ना?"

"येणार."

"खूश आहे ना गं?"

"आहे की," मी म्हटलं. तेव्हा मात्र माझी मलाच शिसारी आली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बहीण आली, एकटीच. डोळे सुजलेले, पण केस चापूनचोपून बसवलेले. हातात एक मोठी पिशवी.

"भावजीला नाय सांगितलं. कुनालाच नाय सांगितलं," ती म्हणाली. "लोक दात काढतील. पोरीला वर्साभरानं परत धाडली म्हनतील. ताय, तूच चल माज्यासंगं. तुज्यापासून काय लपवायचं मला?"

पहिल्यांदा मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. हो, आनंद! पास माझा झाला होता. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे मी नंतर बघितलं. त्याच पावली शाळेत जाऊन रजेचा अर्ज टाकला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्हाला तर जायलाच हवं." मी म्हटलं, "हो ना."

जव्हारहून कल्याण, कल्याणहून रेल्वे. बहिणीनं नागलीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली होती. वाटेत ती माझ्याशी बोलत होती, बोलत म्हणजे काय, तयारी करत होती. "ती रडाया लागली तर काय बोलू? मी बोलन, रडू नको बाय, आपल्याला भाकर हाय. लोकांचं तोंड काय दोन दिस चालंल." मग थोड्या वेळानं, "तिला लगेच लगीन कर नाय म्हनायचं. माज्याजवल राहंल. न्हायतर तुज्याकडं राहंल, शालेत लागंल कुठं." मध्येच माझा हात धरून, "ताय, तू तिला रागावशील काय? नको गं रागावू. तू लई शिकवलंस तिला, मला ठाव हाय. पन नको रागावू."

तीन वेळा मी तोंड उघडलं. तीन वेळा मिटलं. कारण एकच, आणि ते चांगलं नाही: आता सांगितलं, तर ही चिडेल आणि पुढच्या स्टेशनला मला उतरवेल. म्हटलं, परेड बघितली की तिला आपोआप कळेल, इतकी खूश होईल की विचारायचंच विसरेल. असा माझा हिशेब. ती खिडकीशी बसून झोपली, झोपेतही पिशवी धरून.

परेडच्या दिवशी सकाळी आम्ही अकादमीच्या आत, पाहुण्यांच्या मांडवापाशी पोचलो. तिथे सामान तपासत होते. पुढे सुटाबुटातले बाप, भरजरी साड्यांतल्या आया, अत्तराचा घमघमाट. मी माझी चांगली साडी नेसले होते. बहिणीची पिशवी टेबलावर आली आणि तपासणाऱ्या जवानानं एकेक वस्तू बाहेर काढली. एक नवी साडी, घडी न मोडलेली. परकर. ब्लाऊज. फणी. काचेच्या बांगड्या कागदात गुंडाळलेल्या. आणि चपलांचा एक जोड, नवा, दोऱ्यानं बांधलेला.

त्यानं नम्रपणे विचारलं, "माताजी, ये सब किसके लिए?"

बहिणीला ते कळलं. पण उत्तर हिंदीतून देणं तिला जमेना, म्हणून ती माझ्याकडे वळली. "ताय, सांग त्याला. पोरीला घरी न्यायाला आलोय. वर्दी काढून घेतील ना, मंग ती नेसंल काय? बुटं पन सरकारचीच. तेवढ्या लांब काय अनवानी नेऊ तिला?"

जवान माझ्याकडे बघत होता. मागची रांगही बघत होती. इंग्रजी, हिंदी, मराठी, सगळ्या भाषा येणारी बाई मी, चार साधी वाक्यं मला बोलता येईनात. पोर आऊट झाली असती तर मी काय केलं असतं, हे मला त्या चपला बघून लख्ख कळलं. मी बिननंबरचा चष्मा आणला असता.

"तिला काढलेली नाही," मी बहिणीला म्हटलं.

"काय?"

"तिला काढलेली नाही गं. ती पास झालीय. आज ती साहेब होणार. आऊट म्हणजे शिक्षण संपवून बाहेर पडायचं. आपल्याला मानानं बोलावलंय. तिच्या खांद्यावर पट्टी लावायला."

बहिणीनं टेबलाला हात टेकला. "आऊट नाय केली?"

"नाही."

"खरं सांगतेस?"

"आईशप्पथ."

तिचं तोंड असं फुललं, की तो जवानही हसला, त्याला एक अक्षर कळलं नव्हतं तरी. तिनं त्याला हिंदीतून सांगून टाकलं, "मेरा बेटी! साब हुआ!" तो म्हणाला, "मुबारक हो माताजी." ती हसत होती, डोळे पुसत होती, आणि हसता हसताच तिनं मला विचारलं, "तुला कदी कललं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. आत्ताच कळलं म्हणाले असते तर तिनं मानलं असतं.

"पहिल्यापासून ठाऊक होतं," मी म्हटलं.

"मी इचारलं तवा पन?"

"तेव्हा पण."

ती ओरडली नाही. तिनं माझ्या हातातले दोन्ही पास घेतले, साडी, परकर, चपला पुन्हा पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. "ही धर," म्हणाली, आणि त्या भरजरी बायकांच्या मागून आत चालती झाली. जवानानं मला विचारलं, "आप?" मी म्हटलं, "मैं सामान देखती हूँ।" त्यानं मांडवातली एक खुर्ची पुढे सरकवली.

परेड मी ऐकली. कनातीच्या पलीकडे बँड वाजत होता. इतकी वर्षं जे पान मी पाठ केलं होतं ते माझ्यासमोर एकेक करून घडत होतं, आणि मला दिसत होती फक्त कनात. आता ते संथ चालीनं येत असतील. आता शपथ. आता टोप्या हवेत. डोक्यावरून विमानं गेली, ती तेवढी दिसली. ती तर बाहेर रस्त्यावरच्या केळीवाल्यालाही दिसली असतील. मी ढसढसा रडले, आणि खरं सांगायचं तर त्यात पश्चात्ताप अर्धाच होता. उरलेला अर्धा जळफळाट होता, की ती आत बसलीय आणि मी इथे. आपल्याच हातानं केलं तरी जळफळाट तो जळफळाट.

टाळ्या थांबल्या. बऱ्याच वेळानं बुटांचा आवाज आला आणि भाची धावत मांडवात शिरली. निळा गणवेश, ताठ मान. तिच्या मागून बहीण, सावकाश.

"मावशी! आई म्हणाली तुला चक्कर आली. बरी आहेस ना? पाणी प्यालीस?"

तिच्या उजव्या खांद्यावर पट्टी होती. डावा खांदा मोकळा. दुसरी पट्टी तिच्या मुठीत होती.

"लाव पटकन," ती म्हणाली. "एका खांद्यानं फिरतेय, कुणी बघितलं तर ओरडतील. एका मॅडमनी आईला विचारलं, मी लावू का? तर आई नाही म्हणाली."

मी बहिणीकडे बघितलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. "तू हिला सांगितलंस?" मी म्हटलं.

"काय सांगायचंय?" भाचीनं विचारलं.

"काय नाय," बहीण म्हणाली. "लाव ती पट्टी. तिचा दिस हाय आज."

मी लावली. शाळेत मुलांच्या शर्टाला बिल्ला लावतात तशी लावली. भाचीनं मला कडकडून मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मावशी, चिठ्ठीत तुझं नाव नव्हतं म्हणून रागावली नाहीस ना? मला वाटलं, आईला विचारलं असं तरी वाटू दे तिला. तू तर येणारच होतीस." मग मैत्रिणींना बोलावून आणते, फोटो काढू म्हणत पळाली.

आम्ही दोघीच उरलो. बहीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चार दिस मी पाड्यावर कुनाला तोंड दाखवलं नाय," ती म्हणाली. "पान्याला पन लोक उठायच्या आदी जायचे. का केलंस, ताय?"

"मला तुझा हेवा वाटला," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. तिला खरंच समजलं नव्हतं.

"माजा?" ती म्हणाली. "तुला घर हाय, पगार हाय, लोक नमस्कार करतात. माज्याकडं काय हाय गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून हाक आली, "आई!" आणि ती वळून गेली.